‘हाऊस ऑफ द डेड २’ घरी खेळायचा तर आधी टीव्ही बदला

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीला राहणाऱ्या मामांनी घर बदलताना सापडलेला सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा जुना गेम कन्सोल, पुण्याला पाठवून दिला. सोबत ‘द हाऊस ऑफ द डेड २’ची अमेरिकन डिस्क, एक बंदूक आणि एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. घरच्या एलईडी टीव्हीला जोडलं, पण बंदूक काही केल्या चालेना. मग गेमपॅडवर खेळले, मेलं की कंटिन्यू, मेलं की कंटिन्यू, असं करत पाऊण तासात खेळ संपला. पात्रांचे संवाद ऐकून घरातले सगळे हसले. आता विचारणा अशी की या झॉम्बी मारायच्या खेळाचं एवढं नाव कशासाठी? त्यात खरंच दम आहे की ती जुन्या माणसांची माया? आणि त्याच्यापायी जुना डबा टीव्ही शोधायची यातायात करावी का?

करावी. पण या खेळातल्या उणिवा मलाही दिसतात. त्या झाकून शिफारस करणं मला जमणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी चौदा वर्षं मुंबई आणि ठाण्यातल्या गेमिंग झोनमधली मशिनं दुरुस्त केली. त्यातलं निम्मं काम बंदुकांचंच असायचं. ट्रिगरचा स्विच बदल, आतून तुटलेली वायर शोध, काच पूस, नेम जुळव. दुरुस्तीनंतर मशीन तपासायचं म्हणजे खेळूनच बघायचं, त्यामुळे हा खेळ किती वेळा खेळलो याची मोजदाद नाही. आता जुने कन्सोल दुरुस्त करतो आणि ड्रीमकास्ट महिन्याला एखादा तरी हाताखालून जातो. खेळाचं हे रूप मला आर्केडच्या, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या मशिनांच्या, आणि घरच्या अशा दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

आधी बंदुकीचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

तुमची बंदूक बिघडलेली नसावी. तुमचा टीव्ही तिला दिसत नाही. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नाही. इलेक्ट्रॉनांचा एक झोत डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, वरून खाली फिरत असतो आणि तो जिथे असेल तिथेच काच त्या क्षणी उजळते. ही फेरी अमेरिकन पद्धतीत सेकंदाला साठ वेळा होते आणि एक ओळ साधारण ६४ मायक्रोसेकंदांत काढून होते. बंदुकीच्या नळीत एक भिंग आणि प्रकाश ओळखणारा डोळा असतो. ट्रिगर दाबला की खेळ क्षणभर पडदा पांढरा करतो, म्हणजे अंधाऱ्या प्रसंगातही डोळ्याला पुरेसा उजेड मिळतो. नळी रोखलेल्या जागेवरून झोत गेला की डोळा कन्सोलला खूण देतो. कन्सोल बघतो की फेरी सुरू होऊन किती वेळ झाला, आणि त्यावरून गोळी कुठल्या ओळीत, कुठल्या जागी लागली ते काढतो. बंदूक काहीही ‘मारत’ नाही, ती फक्त बघते.

एलईडी टीव्हीत असा झोतच नाही. शिवाय हे टीव्ही आलेलं चित्र आधी आपल्या आत घेतात, ताणून मोठं करतात आणि मग दाखवतात. त्यात मिलिसेकंद जातात, आणि इथे हिशोब मायक्रोसेकंदांचा आहे. म्हणून महागडा एचडीएमआय कन्व्हर्टर घेऊनही उपयोग नाही. बाजारात कोणी तसं सांगितलं तर पैसे घालवू नका.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी ‘टीव्ही गेम’ असायचा, त्याच्यासोबत बदकं मारायची बंदूक यायची. ती याच जातीची, पण बरीच साधी. ती झोताची वेळ मोजायची नाही. पडदा आधी काळा करायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, आणि बंदुकीला उजेड दिसला तर बदक पडलं. दोन बदकं असली की चौकोन एकापाठोपाठ एक. ड्रीमकास्टची बंदूक संपूर्ण पडद्यावरचा नेमका बिंदू सांगते. झॉम्बीच्या डोक्याला लागलं की खांद्याला, हे तिच्यामुळेच कळतं, आणि हा खेळ उभा आहे तो या एका गोष्टीवर.

आता खेळाकडे.

सेगाच्या एएम१ विभागाने १९९८ मध्ये तो आर्केडसाठी काढला, दिग्दर्शक ताकाशी ओदा. आर्केडमध्ये तो ‘नाओमी’ नावाच्या बोर्डावर चालायचा. नाओमी आणि ड्रीमकास्ट ही सख्खी भावंडं. दोघांत हिताचीचा २०० मेगाहर्ट्झचा एसएच-४ प्रोसेसर आणि चित्रांसाठी पॉवरव्हीआरची तीच चिप. फरक मेमरीचा: नाओमीत मुख्य मेमरी ३२ मेगाबाइट, ड्रीमकास्टमध्ये १६. त्यामुळे आर्केडचा खेळ घरी आणताना त्याची मोडतोड करावी लागली नाही. याआधीचा पहिला भाग १९९८ मध्ये सेगा सॅटर्नवर आला होता. त्यात चित्रं इतकी खरबरीत झाली होती की आर्केडमध्ये खेळलेल्या माणसाला वाईट वाटायचं. दुसऱ्या भागात तसं झालं नाही. प्रकरण बदलताना डिस्क वाचायला थोडं थांबावं लागतं, तेवढंच. अमेरिकेत ड्रीमकास्ट ९ सप्टेंबर १९९९ ला विक्रीला आला आणि पहिल्या दिवसाच्या खेळांत हा होता. ‘आर्केड घरी आलं’ हे वाक्य तोवर जाहिरातीत असायचं, या डिस्कमध्ये ते पहिल्यांदा जवळपास खरं झालं.

खेळाची घडण साधी आहे. आपण चालत नाही, खेळ आपल्याला चालवतो. कॅमेरा ठरलेल्या वाटेने जातो, थांबतो, वळतो, आणि समोर मेलेली माणसं येतात. बंदुकीत सहा गोळ्या. पडद्याबाहेर नेम धरून ट्रिगर दाबला की पुन्हा सहा. व्हेनिससारखं कालव्यांचं शहर, जेम्स आणि गॅरी हे दोन एजंट, मागे गोल्डमन नावाचा धनाढ्य खलनायक. सुरुवातीला ‘जी’ हा जखमी एजंट त्यांच्या हाती एक वही देतो. पुढे प्रत्येक मोठ्या राक्षसाआधी त्या वहीचं पान उघडतं आणि त्याचा कमकुवत भाग दाखवतं. एकूण सहा प्रकरणं. गोष्ट म्हणून एवढंच.

मग दम कशात आहे? तालात. लोक हा खेळ नेमबाजीचा समजतात. मला इतक्या वर्षांत कळलं ते असं की नेम त्यातला सोपा भाग आहे. अवघड आहे तो क्रम. चार झॉम्बी एकदम समोर येतात. सगळ्यांत जवळचा आधी मारावा असं वाटतं. पण जवळचा अजून पाय ओढत येतोय आणि मागच्याने कुऱ्हाड डोक्यावर नेली आहे. ज्याचा हात उठला तो आधी. त्याच्यावर एक गोळी पुरते, मारून टाकायची गरज नाही. गोळी लागली की तो अडखळतो, त्याचा वार मोडतो. तेवढ्या वेळात जवळच्याच्या डोक्यात दोन, आणि परत मागच्याकडे. कुऱ्हाड हातातून सुटलीच, तर ती हवेत फोडता येते. सेगाच्याच ‘व्हर्च्युआ कॉप’मध्ये शत्रूभोवती रंगीत वर्तुळ येतं, ते लाल झालं की तो आता मारणार हे कळतं. इथे तसं काही नाही. हात, खांदा, पावलाची लय, यावरून ओळखायचं. म्हणजे शरीराची भाषा वाचायची. ती वाचता यायला लागली की खेळ अचानक हळू झाल्यासारखा वाटतो. हे माझ्याबाबतीत झालं आणि मी शिकवलेल्या पोरांच्या बाबतीतही झालं.

दुसरी गोष्ट कॅमेरा. बरेच जण तक्रार करतात की रुळावरून नेल्यासारखं वाटतं, आपल्या हातात काही नाही. मी म्हणेन की या खेळात कॅमेरा हाच गुरू आहे. तो ज्या वेगाने वळतो त्यावरून पुढे किती जण आहेत याचा अंदाज येतो. झटका देऊन मागे वळला तर कोणी तरी अगदी अंगावर आहे. शांतपणे वर गेला तर वरच्या गच्चीवरून काही तरी येणार. आणि वळण्याची ती वेळ ही गोळ्या भरायची वेळ असते. नवखा माणूस सहा संपल्या की भरतो. मुरलेला माणूस कॅमेरा वळला की भरतो, मग बंदुकीत दोन उरलेल्या असोत की पाच.

हा तालच खेळाचा सांगाडा आहे याचा पुरावा सेगानेच दिला. १९९९ मध्ये त्यांनी याच खेळातून बंदूक काढून घेतली आणि कीबोर्ड ठेवला. ‘द टायपिंग ऑफ द डेड’. पात्रांच्या पाठीवर ड्रीमकास्ट बांधलेला आणि गळ्यात कीबोर्ड अडकवलेला. प्रत्येक झॉम्बीसमोर शब्द येतो, तो टाइप केला की झॉम्बी मरतो. ऐकायला वात्रट वाटतं, पण तो उत्तम चालला, कारण जागा त्याच, वेळा त्याच, कोणाला आधी ही निवड तीच. बंदूक काढल्यावरही खेळ टिकला. ज्या खेळात फक्त नेमबाजी असते तो असा टिकत नाही.

मग तुम्ही म्हणाल, बंदुकीशिवाय टिकतो तर गेमपॅडवर का नाही टिकला? कारण गेमपॅडवर कर्सर सरकत सरकत जातो. डावीकडच्या कोपऱ्यातून उजवीकडे जायला अर्धा-पाऊण सेकंद जातो, आणि या खेळातला वार तेवढ्यातच येतो. बंदूक थेट बोट दाखवते, कीबोर्ड थेट नाव घेतो. दोन्हीत ‘तू’ म्हटलं की ‘तू’. गेमपॅडवर ‘तू’ म्हणेपर्यंत तो माणूस येऊन मारून जातो. तुम्ही खेळलात तो खेळाचा सर्वांत दुबळा अवतार होता, त्यामुळे निराशा झाली यात तुमची चूक नाही.

तिसरं बळ म्हणजे फुटणाऱ्या वाटा. रस्त्यात माणसं झॉम्बींच्या तावडीत सापडलेली दिसतात. वेळेत वाचवलं तर कधी कधी ते एक जीव बहाल करतात, आणि कित्येकदा पुढची वाटच बदलते. न वाचवल्यास दुसऱ्या गल्लीतून, दुसऱ्या दारातून जावं लागतं. यामुळे अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ पुन्हा खेळावासा वाटतो. घाईत चुकून त्या माणसालाच गोळी लागली तर आपला जीव जातो, म्हणून अंदाधुंद ट्रिगर दाबणाऱ्याला इथे थारा नाही. मला या खेळातला हा भाग सर्वांत आवडतो. पडद्यावर सगळीकडे मेलेले चालत असताना एक जिवंत माणूस ओळखायचा आणि बोट आवरायचं.

आणि चौथं, दोघांनी मिळून खेळणं. एकट्याने खेळलात तर खेळ चांगला आहे. दोघांनी खेळलात तर तो वेगळाच होतो. डावी बाजू तुझी, उजवी माझी, हे सगळेच ठरवतात, पण त्याने भागत नाही. खरा नियम एकच: दोघांनी एकाच वेळी गोळ्या भरायच्या नाहीत. एकाने भरताना तोंडाने सांगायचं. आमच्याकडे पोरं ‘भरतोय’ एवढंच ओरडायची, की दुसरा दोन्ही बाजू सांभाळायचा. दोन भाऊ होते, दर रविवारी यायचे. सुरुवातीला पहिल्या प्रकरणातच पैसे संपायचे त्यांचे. काही महिन्यांनी ते एकही शब्द न बोलता चौथ्या प्रकरणापर्यंत जायला लागले. एकमेकांच्या गोळ्या ते मनात मोजत होते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी: हा खेळ नाणी खायला बनवला आहे, आणि घरी नाणी लागत नाहीत. आर्केडमध्ये मेल्यावर खिशात हात जायचा. पुढे जायचं की नाही, याचा विचार करावा लागायचा. त्यामुळे प्रत्येक जिवाला किंमत होती. घरी एक बटण दाबलं की पुन्हा उभे. मग क्रम शिकायची गरजच पडत नाही, नुसतं ढकलत शेवट गाठता येतो. तुमच्या घरी नेमकं हेच झालं. पाऊण तासात खेळ संपला म्हणता, पण खरं तर तो सुरूच झाला नव्हता. ही चूक तुमची नाही, घरच्या रूपाची आहे. कंटिन्यूला काही तरी किंमत ठेवायला हवी होती.

त्यावर उतारा म्हणून ‘ओरिजिनल मोड’ दिलेला आहे. वाटेत वस्तू सापडतात, त्या जमा होतात आणि पुढच्या खेपेला त्यातल्या मोजक्या घेऊन निघता येतं: जास्तीचे जीव, जास्त गोळ्या, जोरदार बंदूक, वेगळा पोशाख. कल्पना छान आहे आणि पहिले चार दिवस मजाही येते, कारण कुठली पेटी फोडायची ते लक्षात ठेवावं लागतं. पण वस्तू वाढतात तसा खेळ सोपा होत जातो आणि ज्या तालाबद्दल मी वर एवढं लिहिलं तो पार विरघळतो. दहा-बारा गोळ्या असल्या की वळणावर भरायची शिस्त लागतच नाही. मुलांना रमवायला ठीक. शिकायला आर्केड मोडच. ‘बॉस मोड’ आणि ‘ट्रेनिंग मोड’ मात्र प्रामाणिक आहेत. ट्रेनिंगमधले छोटे धडे रोज एक केले तरी हात बसतो.

दुसरी खोट, काही वार अन्यायाने बसतात. सहसा खेळ पूर्वसूचना देतो, पण काही जागी कॅमेरा वळून स्थिर व्हायच्या आतच वार सुटलेला असतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याला तो टाळणं जवळजवळ अशक्य. जागा पाठ असली तरच वाचता. आर्केडवाल्याच्या गल्ल्यासाठी हे सोयीचं होतं, खेळणाऱ्याच्या दृष्टीने ही लबाडी आहे, आणि मी ती लबाडीच म्हणतो. पाचवा राक्षस मॅजिशियन हा याचा नमुना. त्याचे आगीचे गोळे इतक्या वेगाने आणि इतक्या संख्येने येतात की सगळे फोडायला दोन कसलेले हातही कधी कधी पुरत नाहीत.

राक्षसांबद्दल बोलायलाच हवं, कारण तिथे खेळ उंची गाठतो आणि तिथेच घसरतो. त्यांची नावं टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या, पत्त्यांवरून आहेत. पहिला ‘जजमेंट’ सुरेख रचलेला. समोर कुऱ्हाड घेतलेलं, मुंडकं नसलेलं अजस्र चिलखत, आणि त्याच्या भोवती उडणारा एक लहानसा प्राणी. नवखे सगळ्या गोळ्या चिलखतावर घालवतात. मारायचा असतो तो उडणारा. ‘मोठ्याकडे बघू नकोस, हलणाऱ्याकडे बघ’ हा पूर्ण खेळाचा धडा पहिल्याच राक्षसात आहे. तिसरा ‘टॉवर’, कालव्यातून वर येणारा पाच तोंडांचा साप, त्यात नेमकं तोंड ओळखायचं. हाही चांगला. पण चौथा ‘स्ट्रेंग्थ’, करवत घेऊन मागे लागणारा राक्षस, मला कधीच पटला नाही. तो येतो, डोक्याला मारा, तो थांबतो, आपण पळतो, तो पुन्हा येतो, पुन्हा डोक्याला. आवाज मोठा, भीती मोठी, विचार शून्य. शेवटचा ‘एम्परर’ आपले गोळे आधीच्या राक्षसांच्या रूपात सोडतो, म्हणजे सगळा अभ्यास परत एकदा विचारतो. शेवट म्हणून योग्य, पण तिथवर हात दुखून आलेले असतात.

तिसरी खोट म्हणजे संवाद. घरातले हसले यात नवल नाही. जगभर लोक हसले आहेत. मृत्यूच्या दारात उभा असलेला माणूस दूध आणायला निघाल्याच्या सुरात बोलतो. वाक्यं तुटक, विराम चुकीच्या जागी. काही लोक म्हणतात, त्यातच गंमत आहे. मला ते पटत नाही. शहराचं चित्र, झॉम्बींची चाल, गोळी लागेल तिथलं मांस उडून आतलं हाड दिसणं, हे सगळं मन लावून केलेलं आहे. त्यावर असा आवाज चढवणं म्हणजे चांगल्या रश्श्यात शेवटी मीठच न घालणं. गोल्डमन हा पात्र म्हणून भारदस्त होऊ शकला असता.

चौथी खोट बंदुकीचीच. बंदूक नसेल तर हा खेळ अर्धा, आणि बंदूक मिळणं पहिल्या दिवसापासून अवघड. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला होता, अमेरिकेत त्यावर मोठी चर्चा चालू होती, आणि सेगाने तिथे स्वतःची बंदूक विकलीच नाही. जपानमध्ये आणि युरोपात ती मिळायची. अमेरिकेत मॅडकॅट्झची ‘ड्रीम ब्लास्टर’ होती; मामांनी पाठवलेली बहुधा तीच असेल. दुसरी बंदूक घेताना एक लक्षात ठेवा: डिस्क ज्या देशाची, बंदूक त्याच देशाची घ्या. सेगाची जपानी बंदूक दिसायला देखणी आहे म्हणून मोहात पडू नका.

पुढच्या रूपांबद्दल लोक हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. तिसरा भाग २००२ चा, त्यात शॉटगन आपोआप भरते. भरायची शिस्त गेली आणि माझ्या मते अर्धा खेळ गेला. २००८ मध्ये दुसरा आणि तिसरा भाग एकत्र निन्टेन्डोच्या ‘वी’ कन्सोलवर आले, आणि तुमचा नवा टीव्ही बदलायचा नसेल तर तोच व्यवहारी मार्ग. वीचा रिमोट टीव्हीवर ठेवलेल्या पट्टीतले इन्फ्रारेड दिवे बघतो, त्यामुळे कुठल्याही टीव्हीवर चालतो. पण त्यात नळीच्या रेषेत नेम लागत नाही, पडद्यावरची खूण बघत हात हलवावा लागतो. डोळा झॉम्बीवरून उठून खुणेवर बसतो. २००९ चा ‘ओव्हरकिल’ हा वेगळाच प्रकार, जुन्या स्वस्त भयपटांच्या थाटाचा; आवाज आणि विनोद यांत तो दुसऱ्या भागाच्या कितीतरी पुढे, पण कंटिन्यूला मर्यादा नाही आणि राक्षस सोपे, त्यामुळे तो बघायचा खेळ झाला. २०२२ मध्ये पहिल्या भागाची नवी आवृत्ती निन्टेन्डोच्याच ‘स्विच’ कन्सोलवर आली, ती हाताच्या हालचालीवर चालते आणि नेम हळूहळू सरकत जातो. संगणकावर खेळणाऱ्यांसाठी सिंडेन नावाची कॅमेऱ्याची बंदूक आहे. पडद्याच्या कडेला पांढरी चौकट दाखवतात आणि बंदूक त्या चौकटीवरून आपला नेम काढते. एलईडीवर खऱ्या बंदुकीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मला हीच वाटली, पण ती तुमच्या ड्रीमकास्टला थेट लागणार नाही.

म्हणून ट्यूबचा टीव्ही. भंगारवाल्याकडे, जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे, नातेवाइकांच्या माळ्यावर अजून सापडतात. २१ इंची पुरे. मागे पिवळं, पांढरं, लाल असे एव्ही सॉकेट हवेत. अमेरिकन कन्सोल एनटीएससी, म्हणजे तिकडच्या पद्धतीचं, चित्र देतो. आपल्याकडच्या १९९५ नंतरच्या बऱ्याच टीव्हींवर ते एव्हीतून रंगीत दिसतं, काहींवर काळंपांढरं दिसतं. म्हणून कन्सोल सोबत घेऊन जा आणि तिथेच लावून बघा. ज्यावर ‘१०० हर्ट्झ’ लिहिलं असेल तो घेऊ नका. तो ट्यूबचा असला तरी चित्र आत साठवून दुप्पट वेगाने काढतो, आणि बंदुकीचा हिशोब चुकतो. मी एकदा असा टीव्ही हौसेने उचलून आणला आणि दोन संध्याकाळी बंदूक खोलत बसलो. दोष बंदुकीत नव्हताच.

ट्यूब थकलेली असेल तर एक विचित्र लक्षण दिसतं. गोळी झाडली की लागायच्या ऐवजी बंदूक भरल्याचा आवाज येतो. कारण बंदुकीला उजेड दिसला नाही तर खेळ समजतो की नेम पडद्याबाहेर आहे, आणि पडद्याबाहेर म्हणजे गोळ्या भरणं. हे आधी कोपऱ्यांत होतं, कारण तिथे ट्यूब मंद असते. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. समोरची ट्यूबलाइट काचेत उमटत असेल तर बंद करा. बंदुकीच्या तोंडाचं भिंग मऊ कापडाने पुसा, पंचवीस वर्षांची धूळ असेल. मग खेळातल्या कॅलिब्रेशनमध्ये जाऊन, प्रत्यक्ष जिथे उभं राहून खेळणार तिथूनच नेम जुळवा. जत्रेत फुगे फोडायची बंदूक एकाच बाजूला मारते हे कळल्यावर आपण थोडं उलटीकडे धरायचो; इथे ती चूक खेळालाच सांगता येते. बसून जुळवलं आणि उभं राहून खेळलात तर सगळे नेम डोक्याच्या वर जातील.

गेमपॅड चालतोय म्हणजे पोर्टचा फ्यूज शाबूत आहे, ती काळजी नको. ट्रान्सफॉर्मरशिवाय मात्र कन्सोल कधीही भिंतीत लावू नका. त्याचा पॉवर सप्लाय अमेरिकेच्या १२० व्होल्टचा आहे; आपल्या २३० वर तो एका क्षणात जातो. खेळता खेळता मशीन मध्येच परत सुरू व्हायला लागलं, तर डिस्कला दोष देऊ नका. आतल्या पॉवर सप्लायच्या पिना काळवंडलेल्या असतात, त्या दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्या. टीव्ही मात्र स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ राहतो.

सगळं लागलं की पहिल्या शनिवारी एवढंच करा. आर्केड मोड, दोघे जण, दोन कंटिन्यू, त्याहून एकही नाही. संपले की बंदुका खाली ठेवा आणि कुठे मेलो ते दोघांनी आठवून बोला. बहुधा पहिल्या दिवशी दुसरं प्रकरण संपणार नाही. तीन-चार शनिवारांत टॉवरपर्यंत पोहोचलात तर माझ्या हिशोबाने उत्तम. त्या वेळी मला कळवा, त्याच्या कुठल्या तोंडाकडे आधी बघायचं ते तेव्हा सांगेन. आत्ता सांगून मजा घालवत नाही.

आणि टीव्ही घरी आणताना दोघांनी उचला, काच छातीकडे ठेवून. मागचा डबा मोठा दिसतो, पण सगळं वजन पुढच्या काचेत असतं.